संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनातील दुष्टतेचे स्वरूप आणि अविचारी लोकाचार : एक चिकित्सा

सारांश : संत बहिणाबाई (1628-1700) यांचे आत्मनिवेदनपर अभंग आजवर प्रामुख्याने गुरुभक्ती, स्त्रीसंतांचे भावविश्व आणि वारकरी संप्रदायाचा इतिहास या अंगांनी अभ्यासले गेले आहेत. या अभंगांत मानवी दुष्टतेचे जे चित्रण येते, त्याचा स्वतंत्र विचार प्रस्तुत लेखात केला आहे. बहिणाबाईंच्या निवेदनात दुष्टता एखाद्या असुराच्या रूपात अवतरत नाही. ती घरातल्या, गल्लीतल्या आणि धर्मकार्यात मग्न असलेल्या माणसांच्या वागण्यातून प्रकट होते. 'लोक काय म्हणतील' या भयातून उद्भवणारा हा अविचार कसा कार्य करतो आणि त्याला बहिणाबाईंनी कोणते उत्तर शोधले, याची चिकित्सा येथे केली आहे.

बीजसंज्ञा : संत बहिणाबाई, शिऊर, आत्मनिवेदन, दुष्टता, लोकाचार, वज्रसूची.

प्रस्तावना

मराठी वाचकांच्या मनात 'बहिणाबाई' हे नाव उच्चारताच बहुधा खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) उभ्या राहतात. त्यांच्या आधी सुमारे अडीच शतके होऊन गेलेल्या संत बहिणाबाई या तुकारामशिष्येचे स्मरण मात्र संप्रदाय आणि अभ्यासक यांच्यापुरतेच उरले आहे. त्यांचा जन्म वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे झाला. सासर शिऊरचे. आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात असलेल्या याच शिऊरमध्ये त्यांच्या आयुष्याचा उत्तरकाळ गेला आणि तेथेच त्यांची समाधी आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी 1929 मध्ये त्यांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यामुळे मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांनाही त्या परिचित झाल्या. तथापि ज्या भूमीत त्या नांदल्या, तेथील अभ्यासक्रमात आणि चर्चेत त्यांचा विचार अपेक्षेइतका होत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

मराठी स्त्रीने स्वतःच्या आयुष्याविषयी केलेले आद्य सलग निवेदन म्हणून त्यांच्या अभंगांचा उल्लेख केला जातो. हे निवेदन भक्ताचे असल्यामुळे त्यात चमत्कार आहेत, स्वप्नदृष्टान्त आहेत आणि पूर्वजन्मांच्या कथाही आहेत. परंतु या सर्वांच्या मध्यभागी एक अत्यंत ऐहिक प्रश्न उभा आहे. वेदपठण करणारा, कुटुंबाचे पोषण करणारा, संकटात सासऱ्याच्या उपयोगी पडलेला एक माणूस आपल्या अल्पवयीन पत्नीस हातपाय बांधून गोठ्यात का टाकतो? बहिणाबाईंनी हा प्रश्न अशा शब्दांत विचारलेला नाही. मात्र त्यांचे निवेदन वाचणाऱ्याला तो टाळता येत नाही.

दुष्टतेची संकल्पना

भारतीय पौराणिक परंपरेत दुष्टतेला बहुधा देह आणि नाव असते. रावण, कंस, हिरण्यकशिपू यांचा वध झाला की दुष्टतेचाही अंत होतो, अशी कथनाची रचना असते. संतपरंपरेने या विचाराला निराळे वळण दिले. वैजापूरपासून फार दूर नसलेल्या नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या शेवटच्या पसायदानात ज्ञानेश्वरांनी खलांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावा, एवढेच मागितले. म्हणजेच दुष्टता ही माणसाची जात नसून माणसात शिरलेला एक वाकडेपणा आहे, असे सूत्र तेथे सूचित होते.

विसाव्या शतकात या प्रश्नाचा विचार वेगळ्या संदर्भात झाला. नाझी अधिकारी अ‍ॅडॉल्फ आइखमन याच्यावर 1961 मध्ये जेरुसलेम येथे खटला चालला. तो पाहून हाना आरेन्ट यांनी 1963 मध्ये असे प्रतिपादन केले की, लाखो माणसांना मृत्यूच्या दारी पोहोचविणारा हा मनुष्य राक्षस नव्हता. तो सामान्य होता आणि त्याने विचार करण्याचे थांबविले होते. दुष्टतेच्या या सामान्यपणाची कल्पना जगभर चर्चिली गेली. पुढे बेटिना स्टांगनेथ यांच्या 2011 मधील संशोधनाने आइखमन हा दाखवीत होता तितका विचारशून्य नव्हता, तो कट्टर आणि आपल्या कृत्यांविषयी अभिमान बाळगणारा होता, हे पुढे आणले. या दोन्ही मतांतून एक उपयुक्त भेद हाती लागतो. विचार न करता प्रवाहाबरोबर जाणारे आणि त्या प्रवाहाचा जाणीवपूर्वक उपयोग करून घेणारे, अशी दोन प्रकारची माणसे असतात. दुष्कृत्य घडते ते या दोहोंच्या संयोगातून. बहिणाबाईंच्या निवेदनात ही दोन्ही माणसे भेटतात.

कीर्तनातील वासरू

बहिणाबाईंचा विवाह अगदी बालपणी, गंगाधर पाठक या सुमारे तीस वर्षांच्या बिजवराशी झाला. पुढे वडिलांवर आलेल्या आर्थिक संकटामुळे हे कुटुंब देवगाव सोडून निघाले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर अशी भ्रमंती करीत ते कोल्हापुरास स्थिरावले. तेथे पतीस एक गाय आणि तिचे वासरू दान मिळाले. हे वासरू बहिणाबाईंच्या मागे मागे फिरू लागले. त्या कीर्तनास गेल्या तर तेही तेथे जाऊ लागले.

जयरामस्वामींच्या कीर्तनातील प्रसंग या निवेदनाचा कळस आहे. श्रोत्यांची दाटी झाली आणि वासराला बाहेर काढण्यात आले. ते बाहेर आक्रंदू लागले. स्वामींना हे कळताच त्यांनी वासरास आत आणविले. त्याला आणि त्या बालिकेला जवळ घेऊन त्यांनी दोघांचा सन्मान केला.

या प्रसंगातील बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. वासराला बाहेर काढणारे लोक क्रूर नव्हते. ते कीर्तन ऐकण्यासाठी जमलेले भाविक होते. जागा अपुरी होती, जनावराचे तेथे काय काम, असा साधा व्यवहार त्यांनी पाहिला. कोणीही एकाने वासराचा द्वेष केला नाही आणि कोणीही एकाने ते कोठे चालले आहे याचा विचारही केला नाही. भूतदयेचे निरूपण ऐकण्यासाठी जागा व्हावी म्हणून एका भूतमात्राला बाहेर लोटले जाते, यातील विसंगती तेथे फक्त एका माणसाच्या ध्यानात आली. तोच कीर्तनकार होता.

त्यानंतर जे घडले ते अधिक गंभीर आहे. स्वामींनी एका मुलीच्या मस्तकावर हात ठेवला, ही वार्ता गावभर झाली. कोणी कौतुकाने बोलले, कोणी कुत्सितपणे. बोलणारांपैकी कोणाचाही हात त्या मुलीवर उगारला गेला नाही. तो उगारला तिच्या पतीने. पण त्या हातातील बळ गावाच्या बोलण्याचे होते. मारहाणीनंतर तिला बांधून ठेवले गेले. गाय आणि वासरू यांनी अन्न सोडले आणि अखेर वासराचा अंत झाला, असे बहिणाबाई सांगतात. या निवेदनात करुणा दाखविण्याचे काम जनावरांनी केले आहे. शेजारपाजार सारे पाहत होता आणि आईवडील तर त्याच बिऱ्हाडात होते.

पतीचा क्रोध : भय आणि प्रतिष्ठा

बहिणाबाईंना स्वप्नात तुकारामांचा अनुग्रह झाला आणि पतीचा क्रोध आणखी वाढला. पतीच्या तोंडी त्यांनी जे युक्तिवाद घातले आहेत, ते पाहण्यासारखे आहेत. आपण ब्राह्मण, वेदाध्ययन हा आपला धर्म, शूद्राला गुरू कसे मानावे, स्वप्नातला उपदेश तो काय, पत्नीच्या दर्शनास लोक येऊ लागले तर पतीला कोण विचारणार, असा त्यांचा आशय आहे.

यांपैकी पहिले युक्तिवाद धर्मशास्त्राचे आहेत, शेवटचा प्रतिष्ठेचा. बहिणाबाईंनी ते एकाच श्वासात मांडले आहेत आणि येथेच त्यांच्या निवेदनाचे सामर्थ्य प्रत्ययास येते. शास्त्राचा आधार वर दिसतो, त्याच्या खाली मानहानीचे भय आहे. हा पती स्वभावतः दुष्ट नाही. तुकारामांची वाणी त्याने ऐकून तपासली आणि मग नाकारली, असेही दिसत नाही. आपल्या वर्गातील माणसाने काय मानावे याचे उत्तर त्याच्यापाशी आधीच तयार होते. तयार उत्तर असले की प्रश्नाची गरज उरत नाही. पत्नी गरोदर असताना तिला सोडून निघून जाण्याचा निश्चय तो करतो, तोही याच तयार उत्तराच्या आधारे.

विशेष म्हणजे या पतीविषयी लिहिताना बहिणाबाईंनी शिव्याशाप दिलेले नाहीत. त्याचा राग, त्याचा संताप, त्याचे अपमानित मन हे सर्व त्यांनी नोंदविले, पण त्याला खलनायक केले नाही. संतवृत्तीतील क्षमाशीलता म्हणून याकडे पाहता येईल. परंतु साहित्यदृष्ट्या त्याचा परिणाम वेगळाच होतो. खलनायक नसल्यामुळे वाचकाला दोषाचे ओझे एकाच माणसावर टाकून मोकळे होता येत नाही.

मंबाजी : अविचाराचा उपयोग करणारा

हे कुटुंब पुढे देहूस आले. तेथील मंबाजी हे पात्र पतीहून सर्वस्वी भिन्न आहे. त्याला या दांपत्याने आपले शिष्यत्व पत्करावे असे वाटत होते. ते तुकारामांचे अनुयायी आहेत हे कळताच त्याचा छळ सुरू झाला. त्याने त्यांची गाय पळवून आपल्या घरात कोंडली, तिला मारले आणि त्या माराचे वळ तुकारामांच्या पाठीवर उमटले, अशी कथा बहिणाबाई सांगतात. शूद्र कीर्तन करतो आणि ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, अशी तक्रार त्याने पुण्याच्या आपाजी गोसावी यांच्याकडे लिहून पाठविली, असेही त्यांनी नोंदविले आहे.

मंबाजीला आपण काय करीत आहोत हे पूर्णपणे ठाऊक आहे. त्याचा स्वार्थ स्पष्ट आहे, कारण शिष्य आणि मान दोन्ही दुसरीकडे जात आहेत. पण केवळ मत्सराच्या बळावर त्याला काही करता आले नसते. तक्रार करताना तो आपला मत्सर पुढे करीत नाही. तो वर्णधर्माचा नियम पुढे करतो. ज्यांच्याकडे तक्रार जाते त्यांनी विचार न करता नियम मानावा, यावर त्याची सारी भिस्त आहे. अविचारी माणसे नसतील तर मंबाजी निष्प्रभ ठरतो. दुष्टाचे खरे भांडवल त्याच्या स्वतःच्या दुष्टतेत फारसे नसते. ते इतरांच्या मान डोलावण्याच्या सवयीत असते.

पतीचे परिवर्तन आणि त्याची मर्यादा

गृहत्याग करू पाहणारा पती एकाएकी आजारी पडला. एका वृद्ध ब्राह्मणाच्या रूपाने त्याला उपदेश झाला, पत्नीचा छळ हेच व्याधीचे कारण असल्याचे कळले आणि त्याचे मन पालटले. संप्रदायात हा प्रसंग भक्तीच्या विजयाचा मानला जातो. ते योग्यही आहे, कारण त्यामुळेच पुढे देहूचा सहवास घडला.

तथापि चिकित्सक वाचकाने येथे थोडे थांबले पाहिजे. पतीचे मन पालटले ते पत्नीचे दुःख पाहून नव्हे, तुकारामांचे अभंग वाचूनही नव्हे. व्याधीचे भय आणि एका वृद्ध ब्राह्मणाचा शब्द यांनी ते पालटले. काल त्याने लोकांच्या मतास मान दिला, आज त्याने अधिक श्रेष्ठ अधिकाराच्या मतास मान दिला. आज्ञा बदलली, आज्ञाधारकपणा तसाच राहिला. त्याचा परिणाम चांगला झाला हे खरे, परंतु उद्या त्याच अधिकारवाणीने उलट सांगितले असते तर काय झाले असते, हा प्रश्न निरुत्तरच राहतो. चांगल्या आज्ञेचे अविचारी पालन आणि वाईट आज्ञेचे अविचारी पालन यांत फळाचा भेद असतो, मुळाचा नसतो.

वज्रसूची : प्रश्न विचारण्याची रीत

या पार्श्वभूमीवर बहिणाबाईंनी वज्रसूचीचा आशय मराठीत आणला, या घटनेचे महत्त्व कळते. ही संस्कृत रचना परंपरेने अश्वघोषाच्या नावे सांगितली जाते, त्याच नावाचे उपनिषदही आहे. ब्राह्मण कोणास म्हणावे, हा एकच प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आहे. जीव ब्राह्मण आहे काय, देह ब्राह्मण आहे काय, जात, ज्ञान किंवा कर्म यांमुळे ब्राह्मणत्व येते काय, असे एकेक उत्तर घ्यायचे आणि ते टिकत नाही हे दाखवून बाजूस ठेवायचे, अशी तिची रीत आहे. शेवटी ब्रह्म जाणतो तो ब्राह्मण, असा निष्कर्ष येतो.

ज्या पतीने 'आपण ब्राह्मण' या दोन शब्दांच्या बळावर पत्नीस मारले, त्याच्या पत्नीने 'ब्राह्मण म्हणजे कोण?' या प्रश्नावर रचना करावी, हा योगायोग मानता येत नाही. तिने मारास मार, शिवीस शिवी असे उत्तर दिले नाही. ज्या शब्दाचा अर्थ सर्वांनी गृहीत धरला होता, तो शब्द तिने तपासावयास घेतला. गृहीताची तपासणी म्हणजेच विचार. अविचारी लोकाचाराला याहून समर्पक उत्तर दुसरे असू शकत नाही. सतराव्या शतकातील, शालेय शिक्षणाचा अधिकार नसलेल्या एका स्त्रीने ते दिले, हे मराठी वैचारिक इतिहासात ठळकपणे नोंदविले गेले पाहिजे.

पातिव्रत्याचे अभंग : एक अडचण

बहिणाबाईंना बंडखोर ठरवून मोकळे होणे मात्र सत्याला धरून होणार नाही. पतिव्रताधर्माचा गौरव करणारे, पतिसेवेतच परमार्थ आहे असे सांगणारे अभंग त्यांनी रचले आहेत. स्त्रीचा देह पराधीन आहे, तिला वेदांचा अधिकार नाही, ही खंतही त्यांनी व्यक्त केली आहे. जी स्त्री ब्राह्मणत्वाची व्याख्या तपासते, ती पतित्वाची व्याख्या का तपासत नाही, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे.

या शंकेची दोन उत्तरे संभवतात. एक, काळाच्या मर्यादा कोणासही पूर्णतः ओलांडता येत नाहीत. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. बहिणाबाईंनी पतिसेवा स्वीकारली, पण तुकारामांना सोडले नाही. पतीची आज्ञा आणि आपली निष्ठा यांत विरोध आला तेव्हा त्यांनी मार सोसला, निष्ठा बदलली नाही. म्हणून त्यांचे आज्ञापालन आणि त्यांच्या पतीचे आज्ञापालन एकाच मापाने मोजता येत नाही. पत्नीच्या आज्ञापालनाला तिने स्वतः आखलेली एक सीमा होती. पतीच्या आज्ञापालनाला तशी सीमा नव्हती. तरीही या अभंगांचा आधार घेऊन पुढील काळात स्त्रियांना सहनशीलतेचे धडे दिले जाऊ शकतात, हा धोका मान्य केला पाहिजे. संताचे वचनही न तपासता वापरले की ते लोकाचाराच्याच कामी येते.

वर्तमान संदर्भ

हा विचार केवळ सतराव्या शतकापुरता असता तर त्याचे मोल ऐतिहासिक ठरले असते. परंतु ज्या तालुक्यात बहिणाबाईंची समाधी आहे, त्याच वैजापूर तालुक्यातील चांडगाव येथे जून 2018 मध्ये चोर समजून जमावाने केलेल्या मारहाणीत दोघांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून भिक्षेकरी समाजातील पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. जमावातील बहुतेकांनी त्या दिवशी सकाळी कोणास मारण्याचे ठरविले नव्हते. अफवा आली, सारे धावले आणि जो तो धावला.

डिसेंबर 2021 मध्ये याच तालुक्यात स्वतःच्या मनाने विवाह केलेल्या एका गरोदर तरुणीची हत्या झाली आणि त्या प्रकरणी पोलिसांनी तिची आई व भाऊ यांना ताब्यात घेतले. अशा घटनांमागे पुन्हा पुन्हा जे कारण सांगितले जाते, ते 'समाजात तोंड दाखवायला जागा उरली नाही' हेच असते. गंगाधर पाठकांच्या क्रोधाचे कारणही याहून फार वेगळे नव्हते.

सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने 2016 मध्ये संमत केला आणि 2017 मध्ये तो अमलात आला. जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध हे आवश्यक पाऊल होते. परंतु कायदा मंबाजीला शिक्षा करू शकतो. गावाच्या बोलण्यावर त्याचा अंमल चालत नाही. वासराला बाहेर लोटणारे हात कोणत्या कलमाखाली यावेत, हे कोणत्याही विधिमंडळास ठरविता येणार नाही. तेथे शिक्षण आणि साहित्य यांचेच कार्य सुरू होते.

निष्कर्ष

1. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात दुष्टता ही व्यक्तीचा जन्मजात गुण म्हणून येत नाही. ती भय, प्रतिष्ठा आणि तयार उत्तरे यांच्या संयोगातून घडते.

2. दुष्कृत्यात सहभागी होणाऱ्यांचे तीन स्तर या निवेदनात स्पष्ट होतात : न पाहता बाहेर लोटणारा समुदाय, लोकभयाने हात उगारणारा आप्त आणि नियमाचा आधार घेऊन स्वार्थ साधणारा मंबाजी. यांतील तिसरा पहिल्या दोहोंशिवाय बलहीन आहे.

3. पतीचे परिवर्तन हे अधिकार बदलल्याचे उदाहरण आहे, विचार जागा झाल्याचे नव्हे. त्यामुळे चांगल्या परिणामावरून मूळ वृत्तीची परीक्षा करता येत नाही.

4. वज्रसूचीच्या मराठी रूपातून बहिणाबाईंनी गृहीत शब्दाची तपासणी करण्याची रीत दिली. अविचारी अनुकरणावरील तो सर्वांत समर्थ उपाय आहे.

5. पातिव्रत्यपर अभंगांमुळे त्यांच्या विचारात ताण निर्माण होतो. तो लपविण्यापेक्षा अभ्यासणे अधिक हितावह आहे.

शिऊरच्या समाधीवर आजही माथा टेकविला जातो. ते श्रद्धेचे कार्य झाले. त्याबरोबरच, माथा टेकविण्यापूर्वी 'हा शब्द मी का मानतो?' असे एकदा स्वतःला विचारले गेले, तर बहिणाबाईंचा वारसा अधिक नेमकेपणाने चालविल्यासारखे होईल. त्यांनी स्वतः आयुष्यभर या दोन्ही गोष्टी केल्या होत्या.